आकारामची नजर

कवठेमहांकाळच्या पेठेत सम्मेद चौगुलेच्या ‘रत्नत्रय फोटो’ला नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. तिथं माणूस गोरा होऊन बाहेर पडायचा. द्राक्षबागेत औषध मारून रापलेला असो, नाहीतर मेंढरांमागं रानोमाळ फिरून आलेला असो, सम्मेदनं कॉम्प्युटरवर हात फिरवला की त्याच्या तोंडावर सुरकुती म्हणून राहायची नाही. लग्नाच्या बायोडेटाला फोटो पाहिजे असला की ढालगाव, घाटनांद्र्यापासून आया आपल्या पोरींना घेऊन इथं यायच्या. पुढं पाहुणे मुलगी बघायला आले की एकदा फोटोकडं आणि एकदा मुलीकडं बघत चहा गार करायचे, पण त्याची जबाबदारी काही सम्मेदवर नव्हती.

माणूस वाईट नव्हता. उलट जरा जास्तच चांगला होता, आणि घोटाळा तिथंच होता. आपला फोटो बघून कुणाचं तोंड उतरलेलं त्याला बघवायचं नाही. म्हणून तो आधीच सगळ्यांच्या तोंडावरून बोळा फिरवून ठेवायचा. त्याचे वडील रायगोंडाअण्णा रोलच्या काळातले फोटोग्राफर. गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवून हनुवटी जरा वर, जरा खाली कर, दिवा इकडचा तिकडं सरकव, असं करत अण्णा इतका वेळ लावायचे की लहान पोरं बसल्या जागी झोपून जायची. ‘‘आधी बघायचं, मग दाबायचं,’’ असं त्यांचं म्हणणं. सम्मेद हसून म्हणायचा, ‘‘आता आधी दाबायचं, अण्णा. बघायचं काम कॉम्प्युटर करतोय.’’ अण्णा मग बागेकडं निघून जायचे.

अशा या दुकानात एका बाजारच्या दिवशी इंद्रजित आपल्या आजीला घेऊन आला. इंद्रजित फौजेत होता आणि स्वतःच्याच लग्नासाठी सुट्टीवर आला होता. आजीचं नाव भामाबाई. नागजच्या पुढं माळावर त्यांची वस्ती. मेंढरं पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि कालव्याला पाणी आल्यापासून थोडी डाळिंबंही. म्हातारी अंगानं काटकुळी, जांभळं लुगडं नेसलेली. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. तिनं पदराची गाठ सोडली, गाठीतून रुमाल काढला, रुमालातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. एवढ्या बंदोबस्तात लोक सोनंसुद्धा आणत नाहीत.

‘‘ह्ये आमचं आजोबा. आकाराम,’’ इंद्रजित म्हणाला. ‘‘तेंचा एवढा एकच फोटो हाय. आमचं वडील पाळण्यात हुतं तवाच ह्ये गेलं, काविळीनं. आता ह्यात आजीला बसवायचं. दोघांचा जोडीचा एकदम परफेक्ट फोटो बनवून द्या. लग्नादिवशी देवाजवळ ठेवायचा हाय. नव्या नवरीनं दोघांच्या पाया पडायचं.’’

‘‘हार तेवढा घालू नगा,’’ भामाबाई म्हणाली. ‘‘मी हाय अजून.’’

सम्मेद हसला. फोटो त्यानं उजेडात धरला. काळापांढरा, हाताच्या पंजाएवढा, मधोमध घडी पडलेला. रंगवलेल्या पडद्यापुढं एक तरणा मेंढका उभा होता. डोक्याला फेटा, डाव्या खांद्यावर घोंगडं, उजव्या हातात काठी. पाय अनवाणी. फोटोवाल्याकडं बघायचं सोडून तो आपल्या उजवीकडं कुठंतरी बघत होता. त्याच बाजूला, फोटोच्या अगदी काठाला, काळपट डाग होता.

‘‘जमंल का रं बाळा?’’ भामाबाईनं विचारलं. मघाची चेष्टा आता तिच्या आवाजात नव्हती. ‘‘आमचा दोघांचा एकबी फोटू न्हाई. लय दिस मनात हाय. दिसतंय तवर बघून घ्यावा म्हनते.’’

‘‘न जमायला काय झालं, आज्जी! या, बसा हितं.’’

त्यानं तिला निळ्या पडद्यापुढं बसवलं. ती पदर सारखा करत होती, तोवर फ्लॅश पडलासुद्धा. ‘‘झालं,’’ सम्मेद म्हणाला. ‘‘झालं?’’ म्हातारीनं आश्चर्यानं विचारलं. पदर अजून तिच्या हातातच होता. ‘‘बाकीचं मी बघतो,’’ सम्मेदनं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.

काम त्यानं मनापासून केलं, हे मात्र कबूल करायला हवं. जुना फोटो स्कॅन केला, घडीची रेघ भरून काढली, बुरशीचे ठिपके एकेक करून टिपले. काठावरचा डाग पुसून टाकला. फोटोच्या कडा स्वच्छ पाहिजेत, नाहीतर बघणाऱ्याचं लक्ष तिकडं जातं, हा तर पहिला धडा. मग भामाबाईला आणून आकारामच्या डाव्या अंगाला उभं केलं. जोडीच्या फोटोत बाई नवऱ्याच्या डावीकडं. हे सम्मेदला कुणी शिकवलं नव्हतं. अण्णांनी काढलेल्या जोड्या अशाच होत्या, भिंतीवरच्या देवांच्या जोड्याही अशाच होत्या.

पण तिला डावीकडं ठेवल्यावर भलतंच दिसायला लागलं. बायको इकडं आणि नवरा तोंड फिरवून तिकडं बघतोय. घरात भांडण करून आल्यासारखी दोघं.

सम्मेदची बायको प्रियदर्शनी शेजारच्या टेबलावर लग्नाचे अल्बम लावायचं काम करायची. तिनं मान लांब करून बघितलं.

‘‘आवं, ह्यो माणूस बघतोय कुणाकडं?’’

‘‘मेंढरं पळाली असतील,’’ सम्मेद म्हणाला.

‘‘मेंढरं पळाल्यावर माणूस असा बघतोय व्हय?’’

सम्मेदनं तिकडं कान दिला नाही. त्यानं आकारामची बुबुळं उचलून मधोमध आणून बसवली. आता तो सरळ समोर बघायला लागला, फौजेतल्या ओळखपत्रावर बघतात तसा. एक अडचण राहिलीच होती. नवरा ऐन पंचविशीत आणि शेजारी सत्तरीकडं झुकलेली बाई, म्हणजे मायलेकरंच दिसणार. सम्मेदनं भामाबाईच्या सुरकुत्या काढल्या, गाल भरले, चेहऱ्यावरचे डाग साफ करायचं बटण दाबलं. केस काळे केले. फेट्याला लाल रंग, लुगड्याला हिरवा, आणि मागं पडद्याच्या जागी एक धबधबा सोडला. माणदेशाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना तेवढं पाणी तरी बघायला मिळावं, असा त्याचा हेतू होता.

पुढच्या बाजारी आजी-नातू आले. इंद्रजितनं फोटो बघितला आणि म्हणाला, ‘‘एक नंबर! आजी, बघ की, हिरॉइन दिसतीयास.’’

भामाबाईनं फोटो दोन्ही हातांत घेतला. दारापाशी उजेडात गेली. बराच वेळ बघितला. सम्मेद कौतुकाची वाट बघत उभा होता.

‘‘झ्याक हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पर ह्यातली मानसं कोन?’’

इंद्रजित हसला. ती हसली नाही.

‘‘आज्जी, तुमीच की.’’

‘‘माझं गोंदान कुठं हाय?’’

सम्मेदनं वाकून बघितलं. कपाळ स्वच्छ. हनुवटी स्वच्छ. डाग काढायच्या बटणानं गोंदणही डागातच धरलं होतं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आजवर किती म्हाताऱ्यांची गोंदणं अशी गेली असतील, हा विचार त्याच्या मनात आला.

‘‘ह्ये गेल्यावर माझं कुकू पुसलं,’’ भामाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ‘‘बांगड्या गेल्या, जोडवी गेली. ह्ये गोंदान तेवढं कुनाला पुसाय आलं न्हाई. त्ये तू पुसलास व्हय रं बाळा?’’

प्रियदर्शनी टेबलावरून उठली आणि तिनं म्हातारीला पाणी आणून दिलं.

‘‘लगेच परत आणतो, आज्जी. दोन मिनिटांचं काम.’’

‘‘आन तेंची नजर?’’

‘‘ती... सरळ केली जरा. बाजूला बघत होते ना ते.’’

भामाबाईनं तोंड उघडलं, नातवाकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं. ‘‘जमत नसंल तर र्‍हाऊ दे,’’ एवढंच म्हणाली.

सम्मेदनं त्याच दिवशी पुन्हा कामाला हात घातला. गोंदण परत आलं. नजर परत आणली, तर नवरा पुन्हा बायकोकडं पाठ फिरवून. शेवटी त्याला युक्ती सुचली. आकारामला आरशात बघितल्यासारखा उलटा केला की झालं. उजवीकडची नजर डावीकडं येते, डावीकडं भामाबाई, रीतही सांभाळली आणि नवरा बायकोकडं बघतोय. आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला की प्रियदर्शनीला उठवून आणून फोटो दाखवला.

या वेळी भामाबाई एकटीच आली. इंद्रजित बस्त्याच्या कपड्यांच्या मागं पेठेत होता. तिनं फोटोवर नजर टाकली आणि लगेच विचारलं, ‘‘ह्ये डावखुरं कवा झालं?’’

काठी डाव्या हातात गेली होती. घोंगडं उजव्या खांद्यावर. फेट्याचा शेमला भलतीकडं. सम्मेद खाली बसला. त्याला खरंच रडू यायच्या बेतात होतं. आपण या कामात कुणाला हार जात नाही असं समजणाऱ्या माणसाला एका म्हातारीनं दोनदा नापास केलं होतं, आणि दोन्ही वेळेला तिचंच बरोबर होतं.

‘‘आज्जी,’’ तो म्हणाला, ‘‘मला एक सांगा. ते बघत कुणाकडं होते?’’

भामाबाईनं दाराकडं बघितलं. इंद्रजित येत नाही याची खात्री केली. मग स्टुलावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागली.

‘‘आरेवाडीच्या बनात बिरोबाची यात्रा हुती. मला दिवस गेलेलं. फोटूवाला आलता, पडदा लावून. ह्यांना लय हौस. गेलं आन उभं र्‍हायलं. आन मला म्हनत्यात, ये की, दोघांचा काढू. आता तितं सासू, मामंजी, दीर, समदा गोतावळा उभा. तेंच्याम्होरं नवऱ्याला खेटून उभं र्‍हायाचं? लाजंनं मेल्यागत झालं मला. न्हाई गेले. बाजूला मांडवाच्या खांबाला धरून उभी र्‍हायले. फोटूवाला म्हनतोय, हिकडं बघा, पावनं, हिकडं बघा. ह्ये आपलं माझ्याकडंच. डोळ्यानं म्हनत्यात, ये. तेवढ्यात तेनं दाबला.’’

तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. बाहेर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवत होतं.

‘‘मनात म्हनलं, फुडच्या जत्रंला काढू. फुडची जत्रा आली तवा ह्ये न्हवतं.’’

ज्या नजरेसाठी ही बाई तो फोटो रुमालात बांधून एवढी वर्षं जपत आली होती, तीच त्यानं उचलून बाजूला टाकली होती. एकदा पुसली, एकदा उलटी केली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि ती त्यानं लपवलीही नाही. ‘‘चुकलं माझं, आज्जी,’’ तो म्हणाला.

‘‘तुला काय म्हाईत, बाळा. मी बी सांगितलं न्हाई.’’

मग एकदम त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. त्यानं पहिला स्कॅन उघडला, हात न लावलेला. काठावरचा तो काळपट डाग मोठा केला. अंधारातला भाग तेवढा हळूहळू उजळत नेला. फार उजळलं की नुसते दाणे दिसायला लागतात, म्हणून थोडा मागं आला, परत थोडा पुढं गेला. डागातून आधी एक उभी रेघ निघाली. तो मांडवाचा खांब होता. मग लुगड्याचा काठ निघाला. आणि अगदी खाली, मातीत, एक अनवाणी पाऊल. त्याच्या बोटात जोडवं होतं.

‘‘ह्यो माझा पाय,’’ भामाबाई म्हणाली.

स्क्रीनवर बोट टेकवून ती बघत राहिली. प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं बघितलं. मेंढरं पळाली असतील म्हणत होता नव्हं, असं त्या बघण्यात होतं. सम्मेदनं मान खाली घातली.

‘‘आज्जी, तुमचा फोटो मी परत काढणार,’’ तो म्हणाला. ‘‘हितं नाही. तुमच्या वस्तीवर येतो.’’

जायच्या आधी तो जुन्या फोटोपुढं नुसता बसून राहिला. माउसला हात लावला नाही. अण्णा बघायचे तसं बघितलं. आकारामच्या नाकाची सावली उजव्या गालावर पडली होती, म्हणजे ऊन त्याच्या डाव्या अंगानं येत होतं. सावली लांब होती, म्हणजे उन्हं कलली होती. पण तिच्या कडा मऊ होत्या, म्हणजे वर मांडवाचं कापड असणार. कॅमेरा छातीच्या उंचीवर होता, कारण गुडघे आणि फेटा दोन्ही सारखे सरळ दिसत होते. भामाबाईवर त्यानं समोरून फ्लॅश मारला होता. मग दोघं एका ठिकाणची कशी दिसणार होती? धबधबाच काय, समुद्र आणून ओतला असता तरी दिसली नसती.

त्यानं आकारामचा चेहरा खऱ्या माणसाएवढा मोठा करून छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, आणि कलत्या उन्हाच्या अंदाजानं मोटरसायकलवरून वस्तीवर गेला.

वस्तीवर लग्नाची गडबड चालू होती. वाघर लावून, दोरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं ओरडत होती. सम्मेदनं मेंढरांच्या वाड्यापाठीमागची मोकळी जागा निवडली. इंद्रजितला एक पांढरं धोतर दिलं आणि उन्हाच्या आड ताणून धरायला सांगितलं. कडक ऊन त्यातून मऊ होऊन खाली उतरलं.

‘‘धोतर धरायला फौजेत शिकवलंय का रं?’’ भामाबाईनं नातवाला विचारलं.

‘‘ऑर्डर हाय, आजी. धरतोय गपगुमान,’’ तो म्हणाला.

मग सम्मेदनं एक बांबू रोवला आणि त्याला तो पुठ्ठा बांधला. भामाबाईपेक्षा वीतभर उंच, तिच्या डाव्या हाताला, आकाराम जिथं असायला हवा होता बरोबर तिथं.

‘‘आज्जी, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. तिकडं बघायचं.’’

तिनं बघितलं आणि आधी ताठ झाली. हात अंगाला चिकटवून, शाळेतल्या कवायतीला उभी राहावी तशी. सम्मेद गुडघ्यावर बसला, कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीला धरला आणि थांबला. इंद्रजितचे हात भरून आले, त्यानं एकदा तसं सांगूनही बघितलं. सम्मेदनं त्याला बोटानं गप्प केलं. पूर्वी असता तर आतापर्यंत त्यानं चाळीस फोटो काढून ठेवले असते आणि त्यातला एक निवडून घासूनपुसून घेतला असता. आज त्यानं बटणावरचं बोटही उचललं होतं.

हळूहळू म्हातारीचे खांदे सैल पडले. तिनं पदर कपाळावर ओढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, थोडा मागं सारला. मान जरा तिरकी झाली. त्या पुठ्ठ्यावरची नजर आणि तिची नजर एकमेकींना सापडल्या, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. लाजून दाबलेलं हसू होतं ते. सत्तर वर्षांच्या तोंडावर ते इतकं ताजं दिसलं की सम्मेद बघतच राहिला.

मग त्यानं दाबलं. एकदाच.

पुढचं काम त्यानं कमीत कमी केलं, आणि तेच सगळ्यांत अवघड गेलं. सुरकुत्यांकडं सारखा हात जायचा, तो मागं घ्यायचा. भामाबाईचा फोटो काळापांढरा केला. नव्या कॅमेऱ्याचा फोटो जरुरीपेक्षा जास्त लख्ख, म्हणून थोडा मऊ केला, जुन्या कागदाचा दाणा त्यावर पसरला. काळं किती काळं आणि पांढरं किती पांढरं, ते आकारामच्या घोंगड्याशी आणि फेट्याशी मिळवून घेतलं. पडदा होता तोच ठेवला, आकारामच्या उजवीकडं जरा वाढवला. तिला खांबापाशी आणलं आणि तिथून एक पाऊल आत, नवऱ्याच्या उजव्या अंगाला. तिची सावली मातीवर त्याच्या सावलीच्याच दिशेनं टाकली. लुगड्याखाली, खांबापाशी राहणारं मागचं पाऊल तिचं आताचं लावायला गेला आणि थांबला. तिथं जोडवं घातलेलं जुनंच पाऊल त्यानं राहू दिलं.

फोटो न्यायला इंद्रजित आजीबरोबर आला. त्यानं बघितला आणि तो चुळबुळायला लागला. ‘‘फोटो भारी झालाय. पर आजी उजवीकडं? आन दोघंबी कॅमेऱ्याकडं बघंनात. आजी म्हातारी, आजोबा तरणं. लोक काय म्हनतील?’’

‘‘लोकांनी काढलाय व्हय फोटू?’’ भामाबाई म्हणाली.

‘‘तसं न्हवं गं. मायलेकरं वाटतील. अजून थोडी तरणी करू की तुला. सम्मेदभाऊंना येतंय त्ये.’’

सम्मेदनं भामाबाईकडं बघितलं. तिनं सांगितलं असतं तर त्यानं केलंही असतं. ती फोटोवरच्या आपल्या तोंडावरून बोट फिरवत होती. गोंदण होतं, सुरकुत्या होत्या, ऊन होतं.

‘‘नगं,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांच्या मागं तुज्या बापाला वाढवला. मेंढरं राखली. नदीकाठाला, कोकणात, समदीकडं हिंडले. त्ये समदं ह्या तोंडावर हाय. तेनी बघाय नगं व्हय?’’

इंद्रजितनं मान वळवली आणि भिंतीवरच्या फ्रेमा बघायला लागला. फौजी माणूस असा भिंतीकडं बघायला लागला की त्याला एकटं सोडावं, एवढं सम्मेदला कळत होतं. भामाबाईचं बोट घसरत फोटोच्या खालच्या कडेला गेलं आणि तिथं थांबलं.

‘‘पाय जुना ठिवलास व्हय,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘तो तुमचाच होता तिथं, आज्जी. मी कुठून काढू?’’

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

लग्न वस्तीवरच झालं. शूटिंग सम्मेदकडंच होतं. हळदीच्या, अक्षतांच्या, जेवणाच्या पंगतींच्या गडबडीत तो नेहमीसारखा पळत होता, पण प्रियदर्शनीच्या एक गोष्ट ध्यानात आली. तो मधूनमधून कॅमेरा खाली घेऊन नुसता उभा राहत होता. ‘‘बिघडला काय?’’ तिनं विचारलं. ‘‘बघतोय,’’ तो म्हणाला.

वरात उतरल्यावर नवरा-नवरी देवाच्या पाया पडायला आत आली. भंडारा उधळल्यानं सगळ्यांची तोंडं पिवळी झाली होती. बिरोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी तो फोटो होता. हार नव्हता घातलेला. नवी नवरी प्रांजल वाकली, पाया पडली, आणि उठताना फोटोकडं बघत राहिली.

तिच्याबरोबर माहेरची एक आत्या पाठराखीण म्हणून आली होती. चष्मा नाकावर नीट बसवून तिनंही फोटो बघितला. मग भामाबाईला आदरानं विचारलं, ‘‘इहीनबाई, ह्यो तुमचा थोरला ल्योक व्हय? गेला म्हनायचा. लय देखना हुता.’’

इंद्रजितचा चेहरा उतरला. हेच होणार म्हणून तो सांगत होता. सम्मेदनं कॅमेऱ्यामागं डोळे मिटून घेतले.

भामाबाई मात्र हसली. त्या दिवशी वाड्यामागं बांबूला बांधलेल्या पुठ्ठ्याकडं बघून हसली होती, तसंच.

‘‘न्हाई वो,’’ ती म्हणाली. ‘‘नवरा हाय माझा. ते कवाचं बोलवत हुते. मलाच जायाला उशीर झाला.’’